मिसिसिपीचे कासव, महाराष्ट्राचे ऋतू

कासवाचे शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करत नाही. माणूस, कुत्रा किंवा कबुतर खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा अंग गरम राखण्यात घालवतात. कासव हा खर्च वाचवते आणि ऊब बाहेरून घेते. उन्हातून, तापलेल्या दगडातून, कोमट पाण्यातून. या काटकसरीची किंमत त्याला मोजावी लागते. अन्न पचणे, हृदयाचे ठोके पडणे, जखम भरून येणे, रोगाशी झुंजणे, अंडी धरणे ही सारी कामे त्या वेळी अंग किती तापलेले आहे त्या गतीने होतात. नदीत किंवा तळ्यात राहणारे कासव हे गणित पायांनी सोडवते. गार वाटले की ओंडक्यावर चढते, तापले की पाण्यात बुडी मारते. घरातल्या काचेच्या पेटीत ओंडकाही माणसाने ठेवायचा असतो आणि ऊनही. पाळलेल्या कासवांची बरीचशी दुखणी इथूनच सुरू होतात.

महाराष्ट्रातल्या शहरांत घरोघरी दिसणारे कासव बहुधा एकाच जातीचे असते. ते म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. डोळ्यामागे लाल पट्टा असतो, त्यावरून हे नाव पडले. तो पट्टा कानाचा नव्हे, नुसता कातडीवरचा रंग आहे. दुकानात मिळणारे पिल्लू जेमतेम तीन सेंटिमीटरचे, हिरवेगार आणि खेळण्यासारखे दिसते. पूर्ण वाढलेल्या मादीची पाठ मात्र २५ ते ३० सेंटिमीटर भरते आणि नीट सांभाळलेले कासव वीस-तीस वर्षे सहज जगते. मूळ वस्ती अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात, दक्षिणेकडे मेक्सिकोच्या आखातापर्यंत. लहान मुलांना कासवांमुळे साल्मोनेला जंतूंची बाधा होते हे लक्षात आल्यावर अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. निर्यातीला मात्र ती लागू नव्हती, म्हणून तिथल्या कासवपालन केंद्रांतली पिल्ले जगभर जात राहिली.

मिसिसिपीच्या खोऱ्यातले ऋतू टोकाचे आहेत. मेम्फिस शहर साधारण ३५ अंश उत्तर अक्षांशावर येते. तिथे जूनमधला सर्वांत मोठा दिवस साडेचौदा तासांचा, तर डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस दहा तासांच्याही आत असतो. जानेवारीच्या रात्री पारा गोठणबिंदूच्या आसपास उतरतो. मुंबई १९ अंशांवर आहे. इथे सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. वर्षभरातला फरक सव्वादोन तासांहून मोठा नाही. पेटीबरोबर मिळणाऱ्या माहितीपत्रकांत किंवा परदेशी पुस्तकांत जे लिहिलेले असते ते अमेरिका आणि युरोपातल्या घरांसाठी असते. तिथे बाहेर बर्फ आणि आत हीटर, त्यामुळे सगळा भर हिवाळ्यावर. महाराष्ट्रात ते जसेच्या तसे उतरवले की चुकते. इथल्या कासवाला उन्हाळा मारू शकतो, आणि कोकणपट्टीत त्याचे खरे अंधारे, आजारी महिने आषाढ आणि श्रावण हे आहेत, पौष आणि माघ नव्हेत.

एक आकडा पुरत नाही

"कासवाला किती तापमान लागते?" हा दुकानात नेहमी विचारला जाणारा प्रश्न, आणि त्याचे एका आकड्यात उत्तर नाही. कासवाला तापमानाची उतरंड लागते. एका टोकाला गार पाणी, दुसऱ्या टोकाला गरम कोरडी जागा, आणि मधे हवे तिथे थांबण्याची मुभा. पूर्ण वाढलेल्या स्लायडरसाठी पाणी २३ ते २६ अंश सेल्सिअस आणि पिल्लांसाठी २६ ते २८ अंश ठेवावे. ऊन खाण्याच्या ओट्याचा पृष्ठभाग ३२ ते ३५ अंशांवर असावा. मोकळीक मिळाली तर हे कासव स्वतःचे अंग साधारण २८-२९ अंशांच्या आसपास ठेवते, असे अभ्यासांत आढळते.

यातले पाण्याचा आणि ओट्याचा हे दोन आकडे सुटे वाचले की गफलत होते. महत्त्व आहे ते दोहोंतल्या अंतराला. ओटा पाण्यापेक्षा निदान सहा-सात अंशांनी गरम असला तरच कासवाला वर येण्याची गरज वाटते. काळजीपोटी पाणीच तीस अंशांवर नेऊन ठेवणारे मालक पुष्कळ भेटतात. अशा पेटीतले कासव दिवसभर पाण्यात तरंगत राहते, ओट्याकडे फिरकत नाही. अंग कोरडे होत नाही, दिव्याचा उजेड पाठीवर पडत नाही, कवचावर शेवाळ आणि बुरशी धरते. वर मालकाची तक्रार अशी की कासव आळशी आहे.

ओटा म्हणजे काही मोठे प्रकरण नाही. पाण्याबाहेर डोकावणारी साधी वीट, तिच्यावर सपाट खडबडीत फरशी, चढायला उतार एवढे पुरते. अट एकच. कासवाचे पोटाकडचे कवचही पूर्ण सुकले पाहिजे. वर २५-३० सेंटिमीटर अंतरावर ५० ते ७५ वॉटचा साधा पिवळा बल्ब किंवा हॅलोजन लावावा. पाठीचा घुमट विटेपेक्षा दिव्याच्या पाच-दहा सेंटिमीटर जवळ येतो हे मोजताना विसरले जाते. म्हणून थर्मामीटर विटेवर नव्हे, कासवाच्या पाठीच्या उंचीवर धरावा. गरम दगड म्हणून विकले जाणारे विजेचे खडे टाळलेले बरे. कासव उष्णता वरून येते असे धरून चालते. पोटाखालून भाजत असताना ते वेळीच उठेल याची खात्री नसते.

उजेडाचे दोन भाग

दिव्याकडून दोन वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. एक ऊब आणि दुसरी अतिनील किरणांतला यूव्हीबी हा भाग. साध्या बल्बमधून पहिली मिळते, दुसरी नाही. घरातल्या एलईडी ट्यूबमधून दोन्ही नाहीत.

कासवाच्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या जातीचे एक द्रव्य असते. २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरी त्यावर पडल्या की त्याचे रूप बदलते आणि ड-३ जीवनसत्त्वाची पूर्वावस्था तयार होते. पुढचा टप्पा उजेडाचा नसून उष्णतेचा आहे. अंग पुरेसे गरम असेल तरच त्या पूर्वावस्थेचे ड-३ मध्ये रूपांतर होते. मग यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचे करतात, आणि त्यानंतर कुठे आतडे अन्नातले कॅल्शियम नीट शोषू लागते. म्हणूनच यूव्हीबीचा दिवा आणि उबेचा बल्ब दोन्ही एकाच ओट्यावर रोखलेले असावेत. पेटीच्या एका कोपऱ्यात निळसर ट्यूब आणि दुसऱ्या कोपऱ्यात बल्ब ही मांडणी दिसायला छान असते, पण त्यातला निम्मा उपयोग वाया जातो. २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यूव्हीबी दिव्याखाली ठेवलेल्या स्लायडर कासवांच्या रक्तातल्या ड-३ ची सरासरी पातळी, दिवा न मिळालेल्या कासवांच्या दुपटीहून अधिक भरली. पण दिवा मिळालेल्या कासवांतही एकमेकांत मोठी तफावत होती.

किती यूव्हीबी पुरे, याचे मोजमापही आता बरेच नेमके झाले आहे. सरपटणारे प्राणी जंगलात प्रत्यक्ष किती तीव्र किरणांत बसतात हे मोजून संशोधक गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी चार पट्टे ठरवले. पुढे ब्रिटिश पशुवैद्य फ्रान्सिस बेन्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये शेकडो जातींची त्यानुसार यादी लावली. हे पट्टे यूव्ही निर्देशांकात सांगितले जातात, वेधशाळा सांगते तोच. उघड्यावर ऊन खाणाऱ्या स्लायडरसाठी ओट्यावर हा निर्देशांक तीन-चारच्या आसपास असावा आणि बाजूला शून्याकडे जाणारी सावली असावी. चैत्र-वैशाखात मुंबईत स्वच्छ दुपारी तो अकरा-बाराच्या पुढे जातो, म्हणजे गरजेच्या तिप्पट.

भारतात दिवा घेताना काही साध्या अडचणी येतात. यूव्हीबीचे बहुतेक बल्ब स्क्रूच्या आट्याचे असतात आणि आपल्या घरातले होल्डर खटकीचे, पिनांचे. त्यासाठी वेगळा होल्डर लागतो. उबेच्या बल्बला तर तो चिनी मातीचाच घ्यावा, कारण प्लास्टिकचा वितळतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी हौसेने आणलेला बल्ब ११०-१२० व्होल्टचा असतो. तो २३० व्होल्टवर लावला की क्षणात उडतो. ट्यूबच्या आकाराचा दिवा छोट्या गुंडाळीच्या बल्बपेक्षा सरस, कारण त्याचा उजेड कासवाच्या सबंध अंगावर पसरतो. दिवा आणि कासव यांच्यामध्ये काच किंवा अॅक्रिलिकचे झाकण असेल तर यूव्हीबी तिथेच संपते. बारीक जाळीदेखील तिचा मोठा हिस्सा अडवते. आणि दिवा जळतो आहे म्हणजे काम करतो आहे असे नाही. डोळ्यांना दिसणारा प्रकाश तसाच राहतो, न दिसणारा कमी होत जातो. जुन्या जाड ट्यूब सहा महिन्यांत आणि नव्या बारीक टी-५ ट्यूब साधारण वर्षात बदलाव्या लागतात. लावल्याची तारीख मार्कर पेनने होल्डरवर लिहून ठेवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय.

खिडकीचे भ्रमही इथेच निकालात काढावेत. बंद खिडकीच्या काचेतून ऊब येते, उजेड येतो, यूव्हीबी जवळजवळ येत नाही. शिवाय काचेची पेटी उन्हात ठेवली तर आतली उष्णता अडकते आणि अर्ध्या तासात पाणी घातक होऊ शकते. म्हणजे नुकसान पूर्ण आणि फायदा काही नाही.

रात्री मात्र अंधारच हवा. रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे लाल बल्ब कासवाला दिसत नाहीत ही समजूत खोटी आहे. स्लायडरच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी चार प्रकारच्या असतात, माणसाच्या तीन. त्याला लाल रंग तर स्पष्ट दिसतोच, माणसाला न दिसणारा अतिनीलही दिसतो. थंडीत रात्री हवा गरम ठेवायची असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर वापरावा. दिवाणखान्यात मध्यरात्रीपर्यंत टीव्ही आणि ट्यूब चालू असतील, दिवाळीत खिडकीला लुकलुकत्या माळा असतील, तर पेटीवर जाड कापड टाकले तरी चालते.

दिवाळीपासून दिवाळीपर्यंत

दिवसाची लांबी बदलावी की नको, यावर पाळणाऱ्यांत बरीच मते आहेत. कासवांच्या प्रजननचक्रावर दिवसाच्या लांबीपेक्षा तापमानाचा अंमल अधिक असतो, हे स्लायडरच्या जवळच्या नात्यातल्या पेंटेड कासवावरच्या प्रयोगांतून दिसले आहे. पिल्ले काढायची नसतील तर वर्षभर सरळ बारा तास दिवा आणि बारा तास अंधार ठेवल्याने काही बिघडत नाही. ऋतू जाणवावा असे वाटत असेल तर इथलेच ऋतू पाळावेत. जूनमध्ये तेरा तास, डिसेंबरमध्ये अकरा, म्हणजे टायमरमध्ये महिन्याला वीसएक मिनिटांचा फरक. मिसिसिपीचे चक्र हवे असेल तर चौदा आणि दहा, महिन्याला चाळीस मिनिटे. दोन्हींत नियमितपणा महत्त्वाचा. आठवणीवर चालणारा दिवा रविवारी उशिरा लागतो आणि लग्नसराईत लागतच नाही. प्लगमध्ये बसणारा साधा टायमर हे काम कुरकुर न करता करतो.

ऑक्टोबरच्या उकाड्यात बहुतेक घरांत हीटरची गरज नसते. पाणी आपसूकच अठ्ठावीसच्या आसपास असते. हा काळ तयारीचा. जुना दिवा बदलणे, हीटर बादलीत लावून तपासणे, कवच आणि डोळे नीट पाहून घेणे.

मग थंडी येते, आणि इथे महाराष्ट्राचे सरळ दोन भाग पडतात. मुंबई आणि कोकणात जानेवारीतही रात्रीचे सरासरी किमान तापमान सोळा-सतरा ते वीस अंशांदरम्यान असते. बंद घरातले पाणी बावीस-तेविसाच्या खाली फारसे जात नाही. तिथे मोठ्या कासवाला ओट्यावरचा बल्ब पुरतो, हीटर पिल्लांसाठी किंवा आजाऱ्यासाठी लागतो. पुण्यात जानेवारीचे किमान तापमान सरासरी अकरा-बारा अंश, नागपुरातही त्याच्याच आसपास. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांजवळ येतो. या भागांत घरातले पाणी पहाटे सोळा-सतरा अंशांवर उतरते आणि दुपारी पुन्हा वीस-बावीस होते. कासवाच्या दृष्टीने सर्वांत वाईट अवस्था हीच.

कारण मिसिसिपीच्या खोऱ्यातले कासव खऱ्या थंडीत जे करते ते इथे होऊ शकत नाही. पाणी दहा अंशांच्या खाली गेले की तिथली कासवे तळाच्या चिखलात जाऊन पडतात. खाणे बंद, हालचाल नाममात्र, हृदयाचे ठोके अगदी विरळ. पेंटेड कासव तर बर्फाखाली तीन अंशांच्या पाण्यात प्राणवायूशिवाय महिनोन्महिने जिवंत राहते. प्राणवायूविना साठणारे लॅक्टिक आम्ल निष्प्रभ करण्यासाठी ते स्वतःच्या कवचातले क्षार वापरते, हे संशोधक डोनाल्ड जॅक्सन यांनी दाखवून दिले. इंग्लंडमध्ये गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकाने अठराव्या शतकात टिमथी नावाच्या भूकासवाची टिपणे ठेवली होती. नोव्हेंबरात ते माती उकरून स्वतःला पुरून घेई आणि एप्रिलच्या मध्याला बाहेर येई. व्हाइट यांचे सेलबोर्न या गावावरचे पुस्तक १७८९ मध्ये निघाले. टिमथी नर नसून मादी असल्याचे कळायला मात्र तिचा मृत्यू व्हावा लागला. आजही ब्रिटनमधले काही पाळणारे आपली भूमध्य सागराकडची भूकासवे हिवाळाभर पाच अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवतात. वजन तपासून, पोट रिकामे करून, पशुवैद्याच्या देखरेखीत.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये असे काही घडत नाही. सतरा-अठरा अंशांचे पाणी भूक मारण्याइतके गार असते, पण शरीराचा कारभार बंद करण्याइतके नाही. ऊर्जा खर्च होत राहते आणि भर पडत नाही. खाल्लेले पचत नाही, आतड्यात सडते. रोगप्रतिकारशक्ती मंदावते, जंतूंची वाढ मात्र तितकी मंदावत नाही. "थंडीत झोपले आहे" म्हणून सोडून दिलेले कासव फेब्रुवारीत नाकातून बुडबुडे काढत पशुवैद्याकडे येते ते यामुळेच. घरातल्या कासवाला शीतनिद्रा आवश्यक नाही. तेव्हा देशावर आणि विदर्भात नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी या काळात पाणी चोवीस अंशांवर धरून ठेवणे हाच सुरक्षित मार्ग.

त्यासाठी थर्मोस्टॅट असलेला बुडीत हीटर घ्यावा. ढोबळ हिशेब लिटरला एक वॉट. उष्णता कुठेही निसटली नाही असे धरले तरी १०० वॉटच्या हीटरला १०० लिटर पाणी एका अंशाने तापवायला सव्वा तासाच्या आसपास लागतो. म्हणून सायंकाळी पाणी गार झाल्यावर नव्हे, दिवसभर तो चालू असावा. मोठे कासव काचेचा हीटर सहज फोडते. त्यावर प्लास्टिकची जाळी हवी. पाणी बदलण्यापूर्वी बटण बंद करून पंधरा मिनिटे थांबावे, नाहीतर उघड्या पडलेल्या तापल्या काचेला तडा जातो. अर्थिंग नसलेल्या जुन्या वायरिंगवर पाण्यातले उपकरण चालवूच नये. गळतीची वीज तोडणारा स्विच पॅनेलवर असला तर उत्तम.

होळीनंतर चित्र उलटते. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात कमाल तापमान सरासरी बेचाळिसाच्या आसपास असते आणि बाल्कनीतले घमेले दुपारी दोनला चटका देण्याइतके तापते. कासवाचे अंग चाळिशीला पोचले की हालचालींवरचा ताबा सुटू लागतो, आणि त्यापुढे फार वेळ हातात नसतो. गारठलेले कासव बहुधा वाचवता येते, भाजलेले नाही. या दिवसांत उबेचा बल्ब पंचवीस-चाळीस वॉटचा करावा किंवा एक वीत वर उचलावा, आणि खोलीच पस्तीस अंशांवर असेल तर बंद ठेवावा. यूव्हीबीची ट्यूब चालू राहते. ती फारशी तापत नाही. पेटी कूलरच्या खोलीत हलवावी, पाण्याची खोली वाढवावी, कारण जास्त पाणी सावकाश तापते. पाणी तिशीपुढे जाऊ लागले तर बर्फ थेट न टाकता गोठवलेली बाटली सोडावी. मादी असेल तर वसंतापासून तिच्यासाठी ओल्या वाळूचे खोल घमेले ठेवणे शहाणपणाचे. नराशिवायही ती निर्जीव अंडी धरते आणि जागा न मिळाल्यास ती पोटातच अडकतात. अंड्यांवरही तापमानाची सत्ता चालते. सव्वीस अंशांच्या आसपास उबवलेल्या स्लायडरच्या अंड्यांतून नर, एकतिसाच्या आसपास माद्या निघतात. कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर दरवर्षी ज्यांची पिल्ले पाहायला गर्दी होते त्या ऑलिव्ह रिडले समुद्री कासवांमध्येही वाळूची उष्णताच लिंग ठरवते.

सकाळच्या कोवळ्या उन्हाची जागा मात्र कोणताच दिवा घेत नाही. हिवाळ्यात आठ-साडेआठ ते दहा, उन्हाळ्यात साडेसात ते साडेआठ अशा वेळी, आठवड्यातून तीन-चारदा, वीस-तीस मिनिटे उथळ टबात कासव गच्चीवर न्यावे. टबाच्या अर्ध्या भागावर सावली असावी आणि माणूस शेजारी बसलेला असावा. घारी, कावळे आणि मांजरे यांना कासवाचे कवच वाटते तेवढे अवघड नसते. गॅलरीचे तोंड कुठे आहे तेही पाहावे लागते. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. त्यामुळे छज्ज्याखालच्या दक्षिणेच्या गॅलरीत भर उन्हाळ्यात ऊन शिरतच नाही, डिसेंबरात मात्र खोलवर येते. उत्तरेच्या गॅलरीला हिवाळाभर उन्हाची तिरीपही मिळत नाही.

मग पाऊस. एप्रिलमध्ये मुंबईत दिवसाला सरासरी नऊ तासांहून अधिक ऊन पडते, जुलै-ऑगस्टमध्ये तीन तासांहूनही कमी. हवा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची, पाणीही तितकेच, म्हणून मालकाला काळजी वाटत नाही. कासव खाते, पोहते, सगळे ठीक दिसते. पण दोन-अडीच महिने अंगावर ऊन नाही, हवेतल्या दमटपणामुळे ओटा सुकत नाही, कवचाच्या सांध्यांत ओल राहते. वाढीच्या वयातल्या पिल्लाचे कवच गणपतीच्या सुमारास अंगठ्याखाली दबते ते अशा पावसाळ्यानंतर. दिव्यांची खरी गरज या मोसमात असते, आणि नेमके तेव्हाच "गरम तर आहे" म्हणून बल्ब बंद ठेवले जातात. कोकणपट्टीसाठी नियम असा. पावसाळ्यात हीटरला सुट्टी, दिव्यांना नाही. यूव्हीबीची ट्यूब वर्षातून एकदाच बदलायची असेल तर ती मृगापूर्वी बदलावी. वीज गेली तरी पावसाळ्यात पाणी लगेच गार होत नाही. भारनियमनाची धास्ती थंडीतल्या रात्रींपुरती असते, आणि तेव्हा टाकीभोवती गुंडाळलेले घोंगडे काही तास निभावून नेते.

मोजल्याशिवाय खरे नाही

हाताला कोमट लागणे हे माप नव्हे. पाण्यासाठी वायरच्या टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर आणि ओट्यासाठी इन्फ्रारेड गन एवढी दोन साधने पुरतात. करोनाच्या काळात घरोघरी आलेली कपाळाची गन इथे उपयोगाची नाही. ती माणसाच्या तापासाठी बनवलेली असते. यूव्ही निर्देशांक मोजणारे यंत्र महाग पडते, ते पाळणाऱ्यांनी चारजणांत मिळून घेतले तर परवडते. एक वही ठेवून पहाटेचे आणि दुपारी तीनचे आकडे ऋतू बदलताना पंधरा दिवस लिहिले की त्या घराचा स्वभाव कळतो. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि गच्चीखालचा फ्लॅट यांत तीन-चार अंशांचा फरक सहज निघतो.

काही चिन्हे मात्र थर्मामीटरशिवायही वाचता येतात. पोहताना एका बाजूला कलणे, तोंड उघडून श्वास घेणे, नाकाशी बुडबुडे येणे म्हणजे फुप्फुसांचा संसर्ग. कवच मऊ पडणे किंवा कडा वर वळणे म्हणजे कॅल्शियम आणि ड-३ ची कमतरता. सुजून मिटलेले डोळे बहुतेक वेळा अ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतात. नुसत्या डबीतल्या सुक्या झिंग्यांवर वाढवलेल्या पिल्लांत हे हमखास दिसते, आणि त्याला कोणताही दिवा उपाय नाही. सारा दिवस दिव्याखालीच पडून राहणारे कासव पाणी गार असल्याचे सांगते, अजिबात वर न येणारे ओटा जास्त गरम किंवा पाणी जास्त ऊबदार असल्याचे. आजारी कासवाच्या पाण्याचे तापमान दोन-तीन अंशांनी वाढवावे आणि त्याला सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावे. औषधदेखील अंग पुरेसे गरम असेल तरच नीट काम करते.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. वर सांगितलेले सारे परदेशी स्लायडरपुरते आहे. स्टार कासव, फ्लॅपशेल आणि इतर देशी कासवे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर स्टार कासवही पहिल्या अनुसूचीत आहे. या अनुसूचीतली कासवे घरात ठेवणे हा तीन ते सात वर्षांच्या तुरुंगवासाचा गुन्हा आहे, मग ती वास्तुशांतीसाठी भेट मिळालेली असोत की शेतात सापडलेली. लक्ष्मी यावी म्हणून कासव हवे असणाऱ्यांसाठी देवळातल्या गाभाऱ्यासमोर असते तसे दगडी किंवा पितळी कासव आहेच. त्याला बल्ब लागत नाही. आणि मोठे झालेले, नकोसे वाटणारे स्लायडर नदीत, तळ्यात किंवा देवळाच्या कुंडात सोडू नये. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. महाराष्ट्रातल्या पाण्यात त्याला गोठवणारा हिवाळा नाही, त्यामुळे ते जगते आणि इथल्या कासवांची ओंडक्यावरची जागा आणि अन्न बळकावते. ते दुसऱ्या जाणत्या पाळणाऱ्याला द्यावे किंवा प्राणी वाचवणाऱ्या संस्थेशी बोलावे. देशी कासव कुठे कोंडून ठेवलेले दिसले, तर महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक आहे.